हातगुण, बीज आणि चार दिवे

"मामा, हा खेळ मला ओळखतो," भाचीने एका रविवारी जाहीर केलं. चार रंगांचे दिवे, चार बटणं, एक बझर आणि एक बटण सेल एवढ्यावर चालणारा स्मरणशक्तीचा खेळ मी तिला घरी करून दिला होता. दिवे ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने बटणं दाबायची. बरोबर आलं की क्रमात एक दिवा वाढतो, चुकलं की डाव संपला. ती बाविसाव्या दिव्यापर्यंत सहज जायची, बाकीचे नऊ-दहावर बाद. घरात लगेच ठरलं, पोरीचा हातगुणच चांगला!

मला ते पटेना. मी खेळ पाच वेळा बंद करून चालू केला, दर वेळी वेगळ्या माणसाच्या हातात दिला आणि लागलेले रंग कागदावर उतरवले. हिरवा, लाल, लाल, पिवळा. पाचही वेळा तेच. खेळाला सगळे सारखेच होते. रोज खेळून खेळून तिने तो एकमेव डाव नकळत पाठ केला होता, इतकंच. हातगुण म्हणून जे जे सांगितलं जातं ते कुणीतरी असं कागदावर उतरवून पाहिलं पाहिजे, असं मला फार वाटतं. पाच ओळी लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. ती शोधताना जे हाती लागलं ते मला या सगळ्या छंदातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटतं, म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करू. इलेक्ट्रॉनिक खेळ म्हटलं की स्क्रीन, भारी प्रोसेसर आणि हजारो ओळींचा प्रोग्रॅम लागतो असं बहुतेकांना वाटतं. १९७६ साली मॅटेल कंपनीने 'ऑटो रेस' नावाचा हातात धरून खेळायचा गाड्यांचा खेळ बाजारात आणला. त्याचा संपूर्ण प्रोग्रॅम ५१२ बाइटमध्ये बसवला होता. आज संगणकात देवनागरी मजकूर साठवताना सहसा एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तेवढ्या जागेत जेमतेम १७० चिन्हं मावतील. हा परिच्छेदसुद्धा त्यात बसणार नाही! पाठोपाठ १९७८ साली राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन यांचा 'सायमन' आला, चार रंगीत दिव्यांचा. माझा खेळ त्याच जातीचा आहे.

मी वापरलेली चिप म्हणजे एटीटायनी १३. आठ पायांचा, नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावणारा छोटा संगणक. प्रोग्रॅमसाठी १ किलोबाइट जागा आणि चालू हिशेबासाठी फक्त ६४ बाइट. आता प्रश्न असा, की डाव लांबत गेला तर तो क्रम ठेवायचा कुठे? प्रत्येक दिव्याला एक बाइट दिला, तर इतर हिशेबाची जागा सोडून चाळीसेक दिव्यांत सगळं भरून जातं. मोठी चिप आणणं हा एक उपाय झाला. दुसरा उपाय ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो: क्रम साठवायचाच नाही. तो ज्या एका संख्येतून उगवतो तेवढी संख्या जपायची. तिला बीज म्हणतात.

हे कसं होतं ते चार खान्यांवर पाहू. कागदावर ओळीने चार खाने काढा आणि त्यांत ०००१ लिहा. आता एकच नियम. डावीकडचे पहिले दोन खाने बघा. त्यांतले आकडे सारखे असतील तर मनात ० धरा, वेगळे असतील तर १. मग सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकवा. डाव्या टोकाचा आकडा बाहेर पडेल आणि उजवीकडे एक घर रिकामं होईल, त्यात मनातला आकडा लिहा. ०००१ चं ००१० होतं, त्याचं ०१००, त्याचं १००१. हे द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणारे आकडे आपल्या नेहमीच्या पद्धतीत वाचले (खान्यांची किंमत डावीकडून ८, ४, २, १ धरायची), तर मिळणारी ओळ अशी: १, २, ४, ९, ३, ६, १३, १०, ५, ११, ७, १५, १४, १२, ८ आणि पुन्हा १. चार खान्यांत शून्य सोडून ज्या पंधरा संख्या मावतात त्या सगळ्या येऊन गेल्या, प्रत्येक एकदाच. पत्ते पिसल्यासारखी ओळ दिसते, पण पिसणारं कुणी नाही. एक सरकवणं आणि एक तुलना, बस्स. शून्य मात्र वर्ज्य. ०००० ला हा नियम लावला की ०००० च मिळतं आणि यंत्र कायमचं अडकतं.

याला लिनिअर फीडबॅक शिफ्ट रजिस्टर म्हणतात. सॉलोमन गोलोम्ब या गणितज्ञाने १९५०च्या दशकात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. जीपीएसचे उपग्रह नागरी वापरासाठी जो सांकेतिक क्रम पाठवतात, तो दहा खान्यांची अशी दोन रजिस्टरं मिळून तयार करतात आणि १,०२३ आकड्यांनंतर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

माझ्या खेळात सोळा खाने आहेत, म्हणजे अवघे दोन बाइट. तिथे डावीकडून पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा खाना बघायचा. त्यांत १ची संख्या विषम असेल तर नवा आकडा १, सम असेल तर ०. हे चार खाने नीट निवडलेले आहेत. भलतेच निवडले तर फेरा मधेच आखूड होतो. या निवडीने मात्र ६५,५३५ पायऱ्यांनंतरच आपण निघालो तिथे परत येतो. दिवा ठरवायला शेवटचे दोन खाने वाचायचे: ०० हिरवा, ०१ लाल, १० पिवळा, ११ निळा.

इथे एक खाचखळगा आहे. दर दिव्यामागे एकदाच सरकवलं, तर आत्ताचा शेवटचा आकडा पुढच्या जोडीत पहिला होऊन बसतो. म्हणजे लालनंतर पिवळा किंवा निळाच येऊ शकतो, हिरवा कधीच नाही! म्हणून दोनदा सरकवायचं. ६५,५३५ ही संख्या विषम असल्याने दोन-दोन पायऱ्या टाकूनही एकही स्थिती सुटत नाही. पूर्ण फेऱ्यात लाल, पिवळा, निळा प्रत्येकी १६,३८४ वेळा येतात आणि हिरवा १६,३८३ वेळा. तो एक कमी का, तर शून्य वर्ज्य आहे म्हणून.

डाव चालतो तो असा. बीज एका कोपऱ्यात जपून ठेवलेलं. दिवे दाखवायचे असले की रजिस्टरात बीज भरायचं आणि हवे तितके दिवे काढत जायचं. खेळाडूची पाळी आली की तेच बीज पुन्हा भरायचं, तोच क्रम पुन्हा उगवतो आणि दाबलेलं बटण त्याच्याशी ताडून पाहायचं. बीज, चालू स्थिती, डावाची लांबी: सहा बाइटमध्ये काम झालं. कोणत्याही माणसाच्या लक्षात राहणार नाही एवढा लांब डाव त्यात मावतो.

याला 'यादृच्छिक' म्हणताना मात्र जपावं. सलग आठ दिवे पाहिले की सोळाच्या सोळा खान्यांत काय आहे ते कळतं आणि पुढचा सगळा डाव वही-पेन्सिलीने मांडता येतो. खेळाला हे चालेल. कुलूप, पासवर्ड किंवा सोडत यांना अजिबात चालणार नाही.

मग माझी चूक कोणती? बीज म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एकच आकडा कायमचा लिहून ठेवला होता. चिपला डोळे मिटून चिठ्ठी उचलता येत नाही. बेभरवशाची गोष्ट तिला बाहेरूनच द्यावी लागते, आणि ती खेळाडूच्या बोटातच असते. आता खेळ चालू केला की चिप पहिलं बटण दाबलं जाईपर्यंत नुसती मोजत बसते, सेकंदाला लाखभर. पाऊण सेकंदाच्या आत मोजणी ६५,५३५ गाठून पुन्हा सुरू होते. बटण दाबलं त्या क्षणी जो आकडा असेल ते बीज, शून्य निघालं तर १ धरायचं. आपलं बोट मिलिसेकंदाच्या हिशेबाने चालत नाही आणि एका मिलिसेकंदात इथे शंभर आकडे सरकतात. तेच बीज ठरवून आणणं कुणालाही जमणार नाही.

जोडणीतली एक युक्तीही सांगितलीच पाहिजे. आठ पायांपैकी दोन विजेचे, एक रिसेटचा. उरले पाच. त्यांत चार दिवे, चार बटणं आणि बझर कसे बसले? एलईडी आणि २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या धन टोकापासून चिपच्या पायापर्यंत, आणि बटण त्याच पायापासून ऋण टोकापर्यंत. चिपने पाय खाली ओढला, म्हणजे आतून ऋण टोकाशी जोडला, की दिवा लागतो. चिपने तो सोडून नुसतं ऐकत राहायचं ठरवलं आणि तुम्ही बटण दाबलं, की तोच दिवा आपोआप लागतो आणि चिपलाही कळतं. एका पायावर दोन्ही कामं! पथ्य एकच, तो पाय प्रोग्रॅमने कधी वर ढकलायचा, म्हणजे धन टोकाशी जोडायचा नाही, नाहीतर बटण दाबताच शॉर्ट. शिवाय बटणाचा पत्रा दाबताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे पाच-सहा होतात, म्हणून २० मिलिसेकंद थांबून मगच वाचायचं.

दुरुस्तीनंतर भाची तेराव्या दिव्यावर बाद झाली आणि रुसली. तिला जुना डाव हवा होता. म्हणून शेवटचं बीज मी चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे कायम टिकणाऱ्या स्मृतीत, ठेवायची सोय केली, सेल काढला तरी ते तिथे टिकतं. लाल बटण दाबून धरत खेळ चालू केला, की नवं बीज न घेता तेच वापरलं जातं. तिने त्याला 'कालचाच डाव' असं नाव दिलंय. आता दोघं एकाच डावावर आळीपाळीने खेळतो. काल ती सोळावर गेली, मी अकरावर.