ज्वाला, आवाज आणि एक मिलिसेकंद

चाचणीच्या चौथऱ्यावर अग्निबाणाचे इंजिन फुटल्याची बातमी आली की गळती झाली असेल, कवच कच्चे असेल, असे तर्क सुरू होतात. ते कधी कधी खरेही ठरतात. पण अग्निबाणांच्या इतिहासात इंजिने फुटण्याचे एक अत्यंत चिवट कारण निराळेच आहे, आणि ते म्हणजे ज्वलनकक्षात घुमणारा आवाज. इटलीचे लुइजी क्रोको (जन्म १९०९) यांच्या प्राध्यापकीचा मोठा काळ याच आवाजाचा हिशेब मांडण्यात गेला. वडील गाएतानो क्रोको हेही विमानविद्येतले मोठे नाव. लुइजींनी रोममध्ये द्रवरूप इंधनांवर प्रयोग केले आणि १९४९ मध्ये ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाले.

ध्वनी म्हणजे दाबाची लाट, हे आपण शाळेत शिकतो. बंद कक्षात ही लाट भिंतींवर आपटून मागेपुढे होत राहते. दाब वाढलेला असतानाच उष्णता मिळाली तर लाट बळावते आणि दाब उतरलेला असताना मिळाली तर ती विरते, हा नियम ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्येच सांगितला होता. झोका नेमक्या क्षणी ढकलला की तो चढत जातो, तसेच हे आहे. मात्र ढकलणारी ज्वाला त्या लाटेच्याच तालावर का चालावी, हा प्रश्न उरतो.

इंजेक्टरमधून, म्हणजे कक्षात इंधन फवारणाऱ्या भागातून, आत आलेला इंधनाचा थेंब लगेच जळत नाही. त्याला फुटायला, वाफ व्हायला, ऑक्सिजनमध्ये मिसळायला वेळ लागतो. या विलंबाची कल्पना क्रोकोंच्या आधीही होती. हा विलंब स्थिर नसून दाबाप्रमाणे बदलतो, ही बाब त्यांनी सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी आणली. दाब वाढला की या क्रिया वेगाने होतात आणि जे थेंब थोड्या वेळाने जळणार होते ते आताच जळतात, म्हणजे लाटेच्या शिखरावर जादा उष्णता मिळते. पण इंधन तेवढेच असल्यामुळे ही उचल पुढे तुटीच्या रूपाने फेडावी लागते, आणि ही तूट केव्हा येते यावर सारे अवलंबून असते. सेकंदाला ५०० कंपने असतील तर एक आवर्तन २ मिलिसेकंदांचे होते. विलंब १ मिलिसेकंदाचा असेल तर तूट दाबाच्या तळाशी येते. तिथे कमी जळणे हेही लाटेला पोषकच, म्हणून दोन्ही बाजूंनी तिला बळ मिळते. विलंब २ मिलिसेकंदांचा असेल तर तूट पुढच्या शिखरावरच येऊन तिथली जादा उष्णता खोडून काढते. इंधन तेच, कक्ष तोच, आणि तरीही एका मिलिसेकंदाच्या फरकाने एक इंजिन शांत चालते आणि दुसरे फुटते. ज्वलनशास्त्रात मला याहून देखणा युक्तिवाद आढळलेला नाही.

याची खरी कसोटी लागली ती माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ या अमेरिकी अग्निबाणासाठी बनवलेल्या, केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणाऱ्या एफ-१ इंजिनात. १९६२ मध्ये ज्वलनातील अशा अस्थिरतेमुळे एक इंजिन चाचणीतच नष्ट झाले आणि त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांमध्ये क्रोकोही होते. अस्थिरता आपणहून उद्भवण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते, म्हणून चालू इंजिनाच्या कक्षात छोटे बॉम्ब फोडून ती मुद्दाम जागवली जाऊ लागली. इंजेक्टरच्या तबकडीवर तांब्याचे आडपडदे उभारून लाटेची आडवी वाट अडवली गेली, इंधनाची छिद्रे मोठी केली गेली आणि धारा एकमेकींवर आदळण्याचा कोन बदलला गेला. अखेरीस स्फोटाने उठलेली कंपने सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत विरू लागली. सॅटर्न-५ च्या तेराही उड्डाणांत एकाही एफ-१ ने दगा दिला नाही.

संगणकाने काही आठवड्यांत इंजिन घडवले, आता चाचण्यांचे दिवस संपले, अशा बातम्या हल्ली उत्साहाने छापल्या जातात. संगणकाची मदत मोठीच आहे. पण थेंब फुटण्यापासून ज्वाला थरथरण्यापर्यंतचे सारे टप्पे पूर्ण तपशिलाने सोडवणे अजूनही त्याच्या आवाक्यात आलेले नाही. म्हणूनच नव्या इंजिनाला मुद्दाम धक्का देऊन पाहण्याची पद्धत आजही टिकून आहे. १९८० मध्ये एरियान या युरोपीय अग्निबाणाचे दुसरे उड्डाण ज्वलनातील याच अस्थिरतेने फसले, आणि तोवर क्रोकोंचा सिद्धान्त मांडून बरीच वर्षे लोटली होती.

हाच प्रश्न आता वीजनिर्मितीच्या गॅस टर्बाइनमध्येही आला आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून तिथे हवेच्या मानाने इंधन कमी ठेवतात, आणि अशी विरळ ज्वाला दाबाच्या लहरींना फार सहज दाद देते. इथला विलंब थेंबांचा नसून, वायूचे मिश्रण इंजेक्टरपासून ज्वालेपर्यंत वाहत जाण्याचा असतो. त्यामुळे इंजेक्टर काही सेंटिमीटर मागेपुढे सरकवूनही टर्बाइनचा गुणगुणाट थांबवता येतो.