नुसतं 'मशीन' म्हटलं की कोणतं?

"फॉलला मशीन मारून दे" म्हटल्यावर कोणतं मशीन, असं शिंपी विचारत नाही. दळायला गिरणी, पाण्याला पंप. नुसतं 'मशीन' म्हणजे शिवणाचं. अलीकडे धुण्याचं मशीन या नावावर हक्क सांगू लागलंय, ते सोडा. जपानीतही हेच झालं. 'सोइंग मशीन'मधलं 'सोइंग' गळालं, उरलं 'मिशिन', म्हणजे फक्त शिवणयंत्र. इतर यंत्रांसाठी तोच इंग्रजी शब्द त्यांनी पुन्हा उसना घेतला, 'माशिन' असा.

हा मान त्याला शोभतोच. विचार करा: वरचा दोरा रिळाला जोडलेला, खालचा बॉबीनवर गुंडाळलेला. मोकळं टोक ओवायला कुणी नाही, तरी दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात कसे? बहुतेकांना वाटतं, खाली गाठ बसते. गाठबिठ काही नाही.

मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. सुई खाली जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर आली की एका बाजूचा दोरा सुईच्या लांब खाचेत सरकतो, दुसऱ्या बाजूचा कापडाला घासून अडतो आणि फुगतो. झाला फास! बॉबीनभोवती फिरणाऱ्या शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी फासात शिरतं, तो ताणून मोठा करतं आणि अख्ख्या बॉबीनवरून पलीकडे नेतं. म्हणजे दोरा फासातून ओवायचा नाही, दोऱ्याचं सगळं भांडारच फासातून पार करायचं. त्यासाठी बॉबीनची केस, म्हणजे तिची डबी, आसाला पक्की जखडलेली चालत नाही. फास निसटण्यापुरती फट सगळीकडून हवी. टाका अडीच मिलिमीटरचा, पण वळशाला दोरा लागतो कित्येक सेंटिमीटर. उरलेला परत वर खेचला जातो. त्यामुळे दोऱ्याचा एकच भाग कापडात बसण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा वरखाली होतो. जुना दोरा पटापट तुटतो तो यामुळेच.

अमेरिकी संशोधक एलायस हाव यांना 1846 साली असा टाका घालणाऱ्या मशीनचं अमेरिकी पेटंट मिळालं. टोकाशी भोक असलेले भाले त्यांना स्वप्नात दिसले, ही गोष्ट मोठ्या चवीनं सांगतात. पण वॉल्टर हंट यांनी 1830च्या दशकातच तशी सुई वापरली होती, तीही जागेपणी.

'यंत्र' शब्दाचं नशीब मात्र वेगळं. तांब्याच्या पत्र्यावर चौकटी कोरल्या की तेही यंत्र! 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दैवी शक्तीचा दावा करून असली यंत्रं विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती बेकायदा ठरवल्या. त्या पत्र्यावर साधं काजही होत नाही.

जपानीत आणखी एक शब्द आहे, 'मिशिनमे'. मूळ अर्थ मशीनची टीप. पण पावती फाडायला कागदावर भोकांची जी रेघ असते, तीही मिशिनमेच. दोरा न ओवता वहीच्या पानावर मशीन चालवून आईचा ओरडा खाल्लेल्या कुणालाही हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.