समुद्रातली पवनचक्की आणि सातपूरचा बसबार

घोटीच्या पुढे हायवेवर मागे एकदा पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर वळणात अडकला होता. पाऊण तास ट्रॅफिक खोळंबलं, लोक खाली उतरून फोटो काढत बसले. ते पातं जमिनीवरच्या पवनचक्कीचं होतं. समुद्रातल्या पवनचक्कीचं पातं ८० मीटरच्याही वर जातं. कसारा घाटाचं नावच नको. म्हणून असली पाती बंदरालगतच बनवतात. इंग्लंडमधल्या हल बंदरात २०१६ साली पात्यांचा कारखाना उघडला आणि सुमारे हजार माणसांना काम लागलं. डेन्मार्कचं एस्बियर्ग तर एकेकाळी मासेमारीचं मोठं बंदर. आज तिथल्या धक्क्यावर पवनचक्कीचे खांब उभे दिसतात.

एवढा खटाटोप करून समुद्रात जायचं कशाला? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा ८ मीटरचा झाला, की ऊर्जा जवळपास २.४ पट होते. पाण्यावर झाडं-डोंगर आडवे येत नाहीत, त्यामुळे वारा जोरकस आणि एकसारखा. खर्च मात्र भारी, आणि त्यात खुद्द पवनचक्कीचा वाटा साधारण तिसरा हिस्सा. बाकी पैसा पाया, केबल, जहाजं, उभारणी यांत जातो. रोजगारही तिथेच. पुढची २५ वर्षं देखभाल करणारे तंत्रज्ञ लागतात ते वेगळे. लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की त्यांची छोटी बोट सहसा निघत नाही. आपल्या पावसाळ्यात हे गणित अवघडच आहे.

नाशिकपासून समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. आपला संबंध येतो तो पवनचक्कीच्या पोटात. नव्या प्रकल्पांत तिथला ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब ६६ हजार व्होल्टपर्यंत चढवतो, मग ती वीज स्विचगिअरमधून, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पेट्यांमधून, समुद्रतळाच्या केबलमध्ये उतरते. स्विचगिअर म्हणजे काय, हे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कंपनीत लागलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पत्रा वाकवणं, कॉइल गुंडाळणं, तांब्याच्या बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर, चांदीचा मुलामा देणं ही इथली रोजची कामं.

केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात ५००-५०० मेगावॉट, शिवाय दोन बंदरांच्या सुधारणेला ६०० कोटी. महाराष्ट्राचा किनारा त्यात नाही. पण स्विचगिअरच्या पेट्या ट्रकने जातात, त्यांना घाट अडवत नाही. अडवेल ते मीठ. खाऱ्या हवेत साधा स्क्रूही महिन्याभरात गंजतो, म्हणून सुटा भागसुद्धा आधी मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत शेकडो तास ठेवून पारखतात. लहान जॉबवर्कवाल्याला ऑर्डरआधी खर्च करायचा आहे तो इथे.