इम्प्लांटवरील कॅपचे नैसर्गिक रूप

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू (इम्प्लांट) बसवून त्यावर चढवलेली कॅप रंग, आकार, चमक आणि हिरडीची कड या बाबतींत शेजारच्या दातांत मिसळून गेली, तर तिचे रूप नैसर्गिक मानतात. दाढेच्या बाबतीत याचा फारसा बाऊ करावा लागत नाही. वरच्या पुढच्या दातांत मात्र सगळी कसोटी लागते, कारण दोन मधले दात एकमेकांच्या शेजारीच असतात आणि फरक हसताक्षणी कळतो.

टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे रोपण केले. स्क्रू, त्यावरचा अबटमेंट नावाचा जोड आणि कॅप अशी तीन भागांची रचना आज रूढ आहे.

रुग्ण बहुधा ‘पांढरीशुभ्र द्या’ असे सांगतो आणि फसगत तिथूनच सुरू होते. खरा दात एकरंगी नसतो. आतले दंतिन पिवळसर, वरचे एनॅमल अर्धपारदर्शक. त्यामुळे हिरडीजवळ रंग गडद, तर टोकाशी किंचित निळसर-करडा दिसतो. सुळे शेजारच्या दातांपेक्षा मुळातच पिवळे असतात. रंग जुळवायला अ, ब, क, ड अशा गटांतल्या १६ छटांची व्हिटा पट्टी सर्वत्र वापरतात. तरी छटेपेक्षा उजळपणा चुकला तर डोळ्याला जास्त खटकते. तोंड उघडे ठेवून दात सुकले की ते तात्पुरते पांढरट दिसतात, म्हणून शेड इतर काम सुरू होण्याआधी, ओल्या दातांवर पाहायची असते. दिवसाच्या उजेडात जुळलेली कॅप ट्यूबलाइटखाली वेगळी दिसू शकते. पावसाळ्यात भरदुपारी दिवे लावावे लागणाऱ्या गोव्यातल्या दवाखान्यांत हे ध्यानात ठेवायला हवे. अतिनील दिव्याखाली नैसर्गिक दात निळसर चमकतात, पण तसा गुण नसलेली कॅप काळी पडल्यासारखी दिसते. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत किंवा रंगमंचावर असे दिवे लागले की बाकी सगळे उत्तम जमलेला दातही उघडा पडतो.

कॅप बनवणारा लॅबमधला तंत्रज्ञ अनेकदा रुग्णाला पाहतही नाही. दाताशेजारी शेडची पट्टी धरून काढलेला फोटो हाच त्याचा आधार. कॅपसाठी धातूवर चढवलेले पोर्सेलिन, किंवा झिरकोनिया व लिथियम डायसिलिकेट ही बिनधातूची सिरॅमिक वापरतात. धातूवरची कॅप मजबूत, पण तिच्यातून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे ती मेलेल्या दातासारखी भासते.

इतके करूनही कॅप नकली का वाटते, याचे उत्तर बहुतेक वेळा हिरडीत असते. दात काढल्यावर ओठाकडचे पातळ हाड झिजते आणि हिरडी त्यासोबत खाली बसते. दोन दातांमधली हिरडीची टोकदार पाकळी टिकेल की नाही, हे दात एकमेकांना टेकतात तिथून हाडापर्यंतच्या अंतरावर बरेच अवलंबून असते. नैसर्गिक दातांबाबत दंतसंशोधक टार्नो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले, की हे अंतर ५ मिमी किंवा कमी असल्यास पाकळी जवळपास नेहमी असते, ६ मिमीला निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, तर ७ मिमीला साधारण चौथ्या हिश्शाच्या ठिकाणी. पाकळी नसली की काळा त्रिकोण दिसतो आणि तो कुठल्याही शेडने झाकला जात नाही. हिरडी पातळ असल्यास टायटॅनियमची करडी झाकही वर येते. अशा वेळी झिरकोनियाचा अबटमेंट बरा. म्हणजे दाताचे रूप मुख्यतः स्क्रू किती खोल आणि कुठे बसवला, यावर ठरते. लॅबचे कसब त्यानंतर येते.

हिरडीला वळण देण्यासाठी काही आठवडे ॲक्रिलिक या प्लास्टिकची तात्पुरती कॅप ठेवतात. रोजच्या हुमणातली, म्हणजे माशांच्या कालवणातली, हळद तिला पिवळी करते आणि रुग्ण घाबरून फोन करतो. कायमचे झिलईदार सिरॅमिक तसे सहजी डागाळत नाही.

गोव्यात दंतशिक्षणाचे केंद्र म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेले बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. परदेशी पाहुणे आणि सुट्टीवर घरी आलेले गोवेकर इथल्या दवाखान्यांत दातांची कामे उरकून घेतात. स्क्रू हाडात मुरायला सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांच्या सुट्टीत पुढचा दात पुरा करण्याचा हट्ट अंगलट येऊ शकतो. दोन सुट्ट्यांत काम वाटणे शहाणपणाचे.

दात उजळवायचे असतील तर कॅपच्या आधी उजळवतात, कारण सिरॅमिकवर त्या औषधाचा परिणाम होत नाही. पुढे वयाप्रमाणे शेजारचे दात पिवळसर होतात, कॅप तशीच राहते. अबटमेंटवर वेगळ्या छोट्या स्क्रूने आवळलेली कॅप असेल, तर हाडाला हात न लावता ती उतरवून नवी शेड घेता येते.