दगडी फरशीची दुरुस्ती आणि सीलिंग : काम सुरू होण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडे चौकशीला येणारे बहुतेक जण म्हणतात, "फरशी खराब झालीय, सीलर मारून द्या." सीलर, म्हणजे तेल-पाणी दगडात पटकन मुरू नये म्हणून लावायचे द्रावण, हा या कामातला अगदी शेवटचा टप्पा. डागाळलेल्या किंवा ओलसर फरशीवर तो मारला, तर डाग आणि ओल दोन्ही आत कोंडतात आणि पुढची दुरुस्ती आणखी अवघड होऊन बसते. त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही फक्त फरशी तपासतो.

डाग की आम्लाची खूण?

संगमरवर, शहाबादी, कोटा, ट्रॅव्हर्टाइन या दगडांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते आम्लात विरघळते. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा बाथरूम साफ करायचे ॲसिड सांडले की पॉलिश उडते आणि तिथे निस्तेज ठिपका उरतो. लोक तो डाग समजून घासत बसतात, कधी आणखी ॲसिड ओततात, आणि ठिपका वाढत जातो. फरक ओळखणे अवघड नाही. खाली वाकून तिरप्या उजेडात पाहा. डाग सहसा आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद दिसतो आणि त्यावरची चकाकी शाबूत असते. आम्लाची खूण फिकट असते, बोट फिरवले तर खरखरीत लागते. डाग लेप लावून ओढून काढता येतो. आम्लाने खाल्लेली जागा पुन्हा घासून पॉलिशच करावी लागते.

ग्रॅनाइटला लिंबू-व्हिनेगरचा फारसा त्रास होत नाही. मात्र गंज काढायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, ते ग्रॅनाइटलाही सोडत नाही.

लेप लावून डाग काढणे

तेलकट डागावर केओलिनसारखी पांढरी माती योग्य द्रावकात कालवून जाडसर लेप देतात. वर प्लास्टिक चिकटवून साधारण 24 तास ठेवायचे, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना लेप दगडातले तेल वर ओढून घेतो, त्यामुळे तो ओला असताना खरवडण्याची घाई करू नये. जुना डाग एका लेपात क्वचितच जातो, आणि काही डाग फिके होतात पण पुरते जात नाहीत. तसे वाटले तर आम्ही ते आधीच सांगतो.

फुटलेल्या आणि पोकळ लाद्या

लाकडी मुठीने टकटक केले की पोकळ लादी वेगळी वाजते. खाली आधार नसेल तर वरून भरलेली चीर पुन्हा उघडते. अशा लादीखाली बारीक भोकातून इपॉक्सी (घट्ट होणारा पक्का गोंद) सोडतो, नाहीतर लादीच बदलतो. पक्क्या बसलेल्या लादीचे टवके आणि चिरा रंग जुळवून रेझिनने भरतो. जवळून पाहिल्यास जोड थोडा दिसतो. बांधकामातल्या उरलेल्या लाद्या घरात असतील तर टाकू नका. त्या रंगाच्या, त्या रेघांच्या लाद्या नंतर मिळतीलच असे नाही.

घासाई

हिऱ्याचे कण बसवलेल्या पॅडने पाणी सोडत घासाई होते, कारण दगडाची कोरडी धूळ फुफ्फुसाला घातक असते. ओरखडे किती खोल आहेत त्यावरून 50, 100 किंवा 200 नंबरने सुरुवात करायची आणि 400, 800, 1500, 3000 असे चढत जायचे; नंबर जितका मोठा, तितके पॅडवरचे कण बारीक. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो. वेळ वाचवायला मधला नंबर गाळला, तर चकाकी येते पण तिच्याखाली गोल गोल रेघा दिसत राहतात. म्हणून "एका दिवसात उरकून द्या" या आग्रहाला आम्ही नकार देतो.

ओल आणि सीलर

घासाईनंतर फरशी नीट वाळायला हवी. ती वाळली का हे पाहायला सुमारे 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचे पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून किमान 16 तास ठेवतो. आतून थेंब धरले किंवा दगड काळपट पडला, तर थांबायचे. सांध्यांतून पांढरा खार फुटत असेल, तर खालून पाणी येते आहे. आधी त्याचा बंदोबस्त.

आम्ही शक्यतो दगडात मुरणारे सीलर वापरतो. ते वर थर धरत नाही, त्यामुळे ओल वाफेच्या रूपाने बाहेर पडू शकते. डब्यावर लिहिलेल्या वेळेत जास्तीचे सीलर पुसून काढावेच लागते, नाहीतर धुरकट, चिकट पापुद्रा राहतो. सीलरमुळे तेल-पाणी मुरायला वेळ लागतो आणि तुम्हाला पुसायला सवड मिळते. आम्लापासून मात्र ते संगमरवराला वाचवत नाही. हे आम्ही काम ठरवतानाच सांगतो.

नंतरची काळजी

ओरखड्यांचे मोठे कारण चपलांसोबत आत येणारी वाळू. मोहस मापनश्रेणीवर संगमरवरातल्या कॅल्साइटचा कठीणपणा 3, तर वाळूतल्या क्वार्ट्झचा 7. दारात आत-बाहेर पायपुसणी ठेवा, आणि ओले पोछे मारण्याआधी फरशी झाडून घ्या. पुसायला आम्ल किंवा ब्लीच नसलेला, उदासीन पीएचचा क्लीनर वापरा. काही सांडले तर आधी टिपून घ्या, कारण पुसले की ते पसरते.

पुन्हा सीलर कधी मारायचा हे पाण्याच्या थेंबावरून कळते. वर्दळीच्या जागी चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. दगड गडद झाला असेल तर वेळ आली आहे. रंग तसाच असेल, तर उगाच खर्च करू नका.