‘संभाव्य धोकादायक’ म्हणजे धडकणारा नव्हे

‘संभाव्य धोकादायक लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार’ ही बातमी अधूनमधून येतच असते. गंमत अशी, की हा शिक्का मारताना टक्कर होईल का, हे बघितलेलंच नसतं. बघतात ते एवढंच: लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते का, आणि तो साधारण १४० मीटरपेक्षा मोठा आहे का. (आकारही बहुधा तेजावरून काढलेला अंदाजच.) पण कक्षा जवळ आल्या, तरी दोघं एकाच वेळी तिथे पोचायला हवेत ना!

ते बघणारं गणित निराळं. नासाची ‘सेंट्री’ प्रणाली अमुक तारखेला धडकेची शक्यता किती, हे काढते.

अपोफिस घ्या. सुमारे साडेतीनशे मीटरचा. २००४ च्या डिसेंबरात त्याच्या धडकेची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. २०२१ मध्ये रडारच्या निरीक्षणांनंतर पुढच्या शंभर वर्षांत टक्कर नाही, हे पक्कं झालं. १३ एप्रिल २०२९ ला तो जमिनीपासून ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाईल. शिक्का मात्र कायम आहे.

उलट ‘२०२४ वायआर४’. आकार जेमतेम ६० मीटर, म्हणून शिक्का नाहीच. तरी २२ डिसेंबर २०३२ च्या टकरीची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्के झाली. तो जिथे आदळू शकला असता त्या पट्ट्यात मुंबईही होती, मग आपल्या वाहिन्यांना काय, आयतं कोलीतच मिळालं!

आकडा आधी वाढला, म्हणून संकट वाढलं असं अनेकांना वाटलं. तसं नव्हतं. २०३२ च्या त्या दिवशी लघुग्रह एका लांबलचक रेषेवर कुठेही असू शकत होता. समजा रेषा शंभर पृथ्व्यांएवढी आणि पृथ्वी त्यात, तर शक्यता एक टक्का. नव्या निरीक्षणांनी रेषा आखडून ३२ पृथ्व्यांएवढी झाली आणि पृथ्वी अजून आतच, की झाले तीन टक्के. लघुग्रहाचा मार्ग तोच, आपली अनिश्चितता तेवढी घटली. रेषा आणखी आखडली, पृथ्वी तिच्या टोकाबाहेर पडली आणि २४ फेब्रुवारीला आकडा ०.००४ टक्क्यांवर कोसळला.