ओल्या वस्तऱ्यावर तेल चोपडलं की झालं?

"वस्तऱ्यावर खोबरेल तेल चोपडून ठेवा, पुसला नाही तरी गंज येत नाही" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, मी पण बरीच वर्षं तेच करत होतो. अर्धं खरं आहे भाऊ. तेल बाहेरची ओल अडवते, पण पात्यावर आधीच बसलेला थेंब काही पळवत नाही, पाणी तेलात मिसळत नाही तं ते तेलाखाली लोखंडालाच चिकटून राहते आन् तिथंच तांबूस डाग धरतो. आपल्याकडे मे महिन्यात ओला वस्तरा असाही घडीभरात वाळते म्हणून ही चूक खपून जाते, खरी गोष्ट आषाढ-श्रावणात कळते. पाहायचं असन तं दोन साधे खिळे पॉलिश पेपरनं घासा, दोन्ही मिठाच्या पाण्यात बुडवा, एक कोरडा पुसून तेल लावा, दुसऱ्याले ओल्यावरच लावा, आन् आठवडाभर ठेवून पाहा.

म्हणून आधी धुवा, सुती फडक्यानं पुसा, मुठीच्या सांध्यात पाणी दबून राहते तिथं जास्त, थोडा वेळ उघडा ठेवा, मग तेलाचा एकच थेंब. चामड्याच्या पाकिटात मात्र ठेवू नका, ते ओल धरते.